राईत पाला वाहतात तो का

नेरवण्याच्या देवराईत देवीला नारळ चढत नाही, पाला चढतो. मिरगाच्या आधी घरटी एक टोपली सुका पाला राईत नेऊन ओततात. त्याची हकीकत गावातले म्हातारे सांगतात ती अशी.

फार पूर्वी राईच्या कडेला ठकू नावाची एकटी विधवा राहायची. एका वर्षी राबाला, म्हणजे भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजायला, पाला कमी पडला. गावाचा कारभार पाहणाऱ्या गावकार धाकोजीने राईतला पाला झाडून न्यायचे ठरवले. ठकू आडवी आली. पावसात गांडुळे तो पाला ओढून बिळात नेतात, त्यांचा घास काढू नका, असे तिचे म्हणणे. धाकोजी हसला.

"तुझी सोयरी का गं ती? मग त्यांच्याच पंगतीला बस."

त्या दिवसापासून ठकू वाळीत पडली. तिला कोणी विस्तवही देईना.

राई खळ्यासारखी झाडून निघाली. ठकूने मात्र पाल्याखालची काळी माती, त्यातल्या गांडुळांच्या मोहरीएवढ्या पिवळट अंड्यांसकट, टोपल्या भरून आपल्या घरामागच्या परड्यात नेली. वर पाला झाकला, शेणाचे पाणी शिंपडत राहिली.

दोन पावसाळे गेले. राईत पाणी मुरेना, लाल होऊन ओढ्याला जाई. तिसऱ्या वर्षी पौषातच राईतला, गावाला पाणी देणारा झरा आटला. ही ठकूचीच करणी असे ठरले, आणि धाकोजी माणसे घेऊन तिचे घर मोडायला आला.

ती उंबऱ्यावरून हलली नाही.

"आधी राईत खणा. एक जितं गांडूळ दाखवा, मी आजच गाव सोडते."

पाऊस संपला की गांडूळ खोल जाऊन अंगाची गाठ मारून निजते, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून ते कमरेएवढे खणत गेले. नुसती कोरडी ढेकळे निघाली. मग ठकूने परड्यातली ओली माती हाताने उकरली. ओंजळीत दहाबारा गांडुळे आली, सगळी जिवंत, म्हणे.

धाकोजीने मान खाली घालून राईत टाकायला ती माती मागितली. सांगशील तो दंड देतो म्हणाला.

"दरसाल घरटी एक टोपली पाला राईत वाहायचा. आणि तुझ्या घरातल्यानं हद्दीबाहेर उभं राहायचं. टोपली दुसऱ्याच्या हाती द्यायची."

माती तिने दिली. गावाचे पाणी मात्र मरेपर्यंत घेतले नाही.

चार पावसाळ्यांनी झरा पुन्हा वाहू लागला, असे सांगतात. आजही टोपल्या जातात. पाहुण्यांना राई दाखवणारे म्हातारे दाजी त्या दिवशी राईच्या हद्दीच्या दगडाशी थांबतात. आत चला म्हटले तर नकाराची मान हलवतात. "आमचं घर धाकोजीचं," एवढेच बोलतात आणि आपली टोपली आत जाणाऱ्याच्या हातात देतात.