बदललेलं मशीन

कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेत दिगंबरशेठ तांबट नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत होते. माणूस सचोटीचा, हात उदार, पण जीभ उतावळी. गावातले लोक गमतीनं म्हणत, शेठचं दुकान तांब्यापितळेचं आणि तोंडही तसंच. जरा कुठे धक्का लागला की आवाज पेठभर.

त्यांचे वडील एकनाथशेठ वारले तेव्हा दिगंबरशेठना एक मनगटी घड्याळ मिळालं. चावी द्यायचं, परदेशी बनावटीचं, सोनेरी केस म्हणजे कवच, आणि वयानं पिवळट झालेली तबकडी. ते घड्याळ एकनाथशेठच्या मनगटावर साऱ्या गावानं पाहिलेलं होतं. दिगंबरशेठ ते कधी घालत नसत. सणासुदीला कपाटातून काढायचे, चावी द्यायचे, डोळे मिटून कानाशी धरायचे आणि परत ठेवून द्यायचे.

पुढे लेकीचं लग्न ठरलं. शेठच्या मनात आलं, वडिलांचं घड्याळ जावयाला द्यावं. पण देण्याआधी त्याचं चांगलं सर्व्हिसिंग करून घ्यावं.

बायको मंदाकिनी म्हणाली, "मग साखरेअण्णांकडेच द्या. मामंजींनी ते दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नाही."

रेवणसिद्ध साखरे हे गावातले घड्याळजी. बाजाराच्या तोंडाशीच त्यांचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसलेले अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला रोज दिसत. बोलणं कमी आणि तेही जरा तुटकच.

शेठ म्हणाले, "जावयाच्या हातात जायचंय. शहरातल्या मोठ्या दुकानाची पावती सोबत असली की शोभेल."

आणि ते एसटीनं शहरात गेले.

मोठ्या दुकानातल्या कारागिरानं घड्याळ उलटं केलं, मागचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं. मग झाकण लावलं, पुढची तबकडी पाहिली आणि पुन्हा झाकण उघडलं.

"हे घेतलं कुठून तुम्ही?"

"वडिलांचं आहे."

"केस अस्सल आहे. तबकडी, काटे, तेही अस्सल. पण आतलं मशीन या घड्याळाचं नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी साध्या घड्याळाचं मशीन यात बसवलंय."

शेठच्या पायाखालची वाळू सरकली. घड्याळ वडिलांचं, आणि त्याचं काळीज परकं! सणासुदीला कानाशी धरून ऐकलेली ती टिकटिक कुणाची होती मग?

"असं कोण करतं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"ज्याला उघडायला देतात, तोच करू शकतो," कारागीर सहज बोलून गेला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सर्व्हिसिंग राहिलं बाजूला. घड्याळ रुमालात बांधून शेठ परतीच्या गाडीत बसले. सगळा रस्ता त्यांच्या डोक्यात एकच नाव घुमत होतं. उघडायला दिलं कुणाला? साखऱ्यांना. वडिलांच्या हयातीत दुसऱ्या कुणाचा हात लागला? कुणाचाच नाही.

गाडी गावात शिरली तेव्हा आठवड्याचा बाजार ऐन भरात होता. शेठ घरी गेले नाहीत. तडक साखऱ्यांच्या दुकानासमोर उभे राहिले आणि रुमाल सोडून घड्याळ काचेवर ठेवलं.

"अण्णा, यातलं मशीन तुम्ही बदललंत का?"

अण्णांनी भिंग काढलं. घड्याळाकडे पाहिलं, मग शेठकडे. "बदललं," ते म्हणाले.

शेठना वाटलं होतं, माणूस नाकारेल, शपथा घेईल. हे शांत उत्तर ऐकून त्यांचं भानच सुटलं. "अस्सल काढून घेतलंत आणि त्या जागी हे भंगार बसवलंत? माझ्या वडिलांनी डोळे झाकून विश्वास टाकला तुमच्यावर, आणि तुम्ही त्यांनाच लुबाडलंत?"

भाजीवाल्या बायका माना वर करून बघू लागल्या. गिऱ्हाइकं थांबली. गर्दी जमली.

अण्णा उभे राहिले. "शेठ, आवाज खाली करा. घरी जा. आईंना विचारा. मग या."

"माझ्या आईला कशाला मध्ये ओढता? काय असेल ते इथंच सांगा, सगळ्यांसमोर."

अण्णांनी भिंग पुन्हा हातात घेतलं. ते खाली बसले.

"बघा, बोलायला तोंड नाही," शेठ गर्दीकडे वळून म्हणाले. "बाजाराच्या तोंडाशीच चोर बसलाय, आणि आपण त्याच्याच हाती घड्याळं देतोय."

त्या दिवशी बाजार उठायच्या आत ही बातमी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पोचली. दुसऱ्या दिवसापासून लोक दुरुस्तीला दिलेली घड्याळं अण्णांकडून परत नेऊ लागले. कुणी झाकण उघडून दाखवायला लावी, कुणी न बोलताच उचलून नेई. थोड्याच दिवसांत दुकानाची फळी लागली ती लागलीच.

शेठची आई तेव्हा निपाणीला लेकीकडे गेली होती. ती परतली, तेव्हा बाजाराच्या तोंडाशी बंद फळी पाहून तिनं घरात शिरताच विचारलं, "अण्णा आजारी आहेत का रे?"

शेठनी सगळी हकिकत सांगितली. सांगताना त्यांचा आवाज पुन्हा चढला. आई ऐकत राहिली. तिच्या हातातली पिशवी हळूहळू खाली टेकली.

"तू अण्णांना चोर म्हणालास? बाजारात?"

"मग काय म्हणू? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं त्यांनी. मशीन बदललं म्हणाले."

"बदललंच त्यांनी. तुझ्या बाबांनी बदलायला लावलं म्हणून बदललं." आई भिंतीला टेकून खाली बसली. "दिगू, ते मशीन तू बुडवलंस."

"मी? कधी?"

"तू कॉलेजात होतास. नदीला पाणी चढलं होतं आणि तुम्ही पोरांनी पुलावरून उड्या मारायची पैज लावली होती. बाबांचं घड्याळ न विचारता हातात घालून गेला होतास. मित्रांना दाखवायला."

आणि शेठना आठवलं. इतकी वर्षं एकदाही न आठवलेलं सगळं एकदम आठवलं. गढूळ पाणी. वर आल्यावर मनगटाकडे गेलेली नजर. शर्टानं पुसपुसून घड्याळ परत जागेवर ठेवलं होतं. ते चालू होतं. निभावलं, असं वाटलं होतं. पुढे ते विसरूनही गेले होते.

"काही दिवसांनी घड्याळ बंद पडलं," आई सांगत होती. "अण्णांनी उघडलं तर आत नदीचा गाळ आणि सगळ्या चाकांवर गंज. बाबांनी काय ते ओळखलं. अण्णांना म्हणाले, दुसरं बसवा, आणि ही गोष्ट माझ्या पोराला कळू देऊ नका. तो आता मोठा होतोय. एका घड्याळापायी त्याला माझ्यासमोर मान खाली घालायला लावायची नाही. अण्णांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शब्द दिला. मला बाबांनी घरी येऊन सांगितलं, म्हणून मला ठाऊक."

वडिलांनी शेठची मान खाली जाऊ नये म्हणून जे झाकलं, तेच दुसऱ्याच्या अंगावर फेकून त्यांनी त्या माणसाची मान भर बाजारात खाली घालायला लावली होती. आणि तो माणूस एका वाक्यात सुटला असता. त्यानं ते वाक्य उच्चारलं नाही. उलट आईंना विचारा म्हणून वाट दाखवली. तीही त्यांनी धुडकावली.

मंदाकिनी दारात उभी राहून ऐकत होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "लग्न तोंडावर आलंय. घड्याळ आपणच बुडवलं आणि वर अण्णांवर आळ घेतला, हे व्याह्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? तुम्ही अण्णांच्या घरी जा, पाय धरा. चारचौघांत कशाला?"

शेठना ते पटलं. मागच्या बोळानं, कुणाच्या नजरेला न पडता ते अण्णांच्या घरी गेले. ओट्यावर ट्रंक बांधून ठेवली होती. येता बाजार झाला की अण्णा सोलापूरला मुलाकडे जाणार होते, कायमचे.

शेठनी वाकून त्यांचे पाय धरले. "आईनं सांगितलं सगळं. चुकलो मी अण्णा. मोठी चूक झाली."

अण्णांनी पाय मागे घेतले. "कुठल्या वाटेनं आलात?"

"मागच्या बोळानं."

"चोर म्हणालात ते बाजारात. आणि चूक झाली म्हणायला मागचा बोळ होय?" अण्णांचा आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द टोचत होता. "शेठ, मी तुमच्या वडिलांना दिलेला शब्द पाळला. तुमच्यासाठी नाही पाळला. तुमची माफी मला नको. जी माणसं माझ्या दुकानासमोर उभी होती, त्यांना काय सांगायचं ते बघा."

शेठ परतले. रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. एकीकडे लेकीचं लग्न, व्याह्यांपुढची पत, वडिलांपासून चालत आलेलं नाव. दुसरीकडे ओट्यावरची बांधलेली ट्रंक. सकाळी ते आधी व्याह्यांच्या गावी गेले आणि आपल्या तोंडानं सगळं सांगून टाकलं. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "हे दुसऱ्याकडून कळलं असतं तर मी विचारात पडलो असतो." एवढंच. लग्न ठरल्याप्रमाणे कायम राहिलं.

मग बाजाराचा दिवस आला. शेठ साखऱ्यांच्या बंद फळीसमोर उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं हाका मारून लोकांना बोलावलं. आवाज तोच, पेठभर जाणारा. "या जागी मी अण्णांना चोर म्हणालो. ते खोटं होतं. घड्याळ मी न विचारता घेतलं होतं, मीच नदीत बुडवलं होतं, आणि वडिलांनी माझी लाज राखायला अण्णांकडून मशीन बदलून घेतलं होतं. अण्णा गप्प राहिले ते दिलेल्या शब्दासाठी. चोरी त्यांनी केली नाही. चूक आधी मी केली आणि अपराधही मीच केला."

गर्दीत कुणी हसलं. कुणी मान हलवून पुढे गेलं. एक म्हातारी म्हणाली, "मनाचा मोठेपणा बघा शेठचा, म्हाताऱ्याचं सगळं आपल्या अंगावर घेतायत." ते ऐकून शेठना धक्काच बसला. आळ घेतला तेव्हा कुणी पुरावा मागितला नव्हता. आज खरं सांगत होते, तर लोकांना विश्वास ठेवणं जड जात होतं.

तरी त्यांनी सोडलं नाही. जो भेटेल त्याला ते सांगत राहिले. हे कानावर आलं तेव्हा अण्णांनी सोलापूरसाठी बांधलेली ट्रंक उघडून सामान परत लावलं. दुकानाची फळी पुन्हा उघडली. शेठनी वडिलांचं घड्याळ अण्णांपुढे ठेवलं आणि ते म्हणाले, "सर्व्हिसिंग करून द्या. मशीन आहे तेच राहू द्या." अण्णांनी ते घेऊन मागचं झाकण उघडलं.

पुढच्या बाजाराला शेठ घड्याळ न्यायला आले. काम थोडं उरलं होतं, म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. अण्णा आत मान खाली घालून एकेक चाक जागेवर बसवत होते. इतक्यात लांबच्या गावचा एक माणूस येऊन रेंगाळला. हातात बंद पडलेलं घड्याळ होतं. त्यानं शेठना ओळखलं नाही. जवळ वाकून तो कुजबुजला, "पाहुणे, इथं काही देऊ नका हं. हा म्हातारा आतलं मशीन काढून घेतो. एका शेठचं घेतलं होतं, भर बाजारात पकडला त्याला."

शेठ सुन्न झाले. आपण इतक्या लोकांना सांगितलं, आणि तिकडे इतक्या लांबवर आपलं पहिलंच वाक्य अजून चालत राहिलं होतं.

"तो शेठ मीच," ते म्हणाले. "यांनी काही घेतलं नव्हतं."

माणूस गोंधळला. "मग तुम्ही खोटं बोललात?"

"तेव्हा ते मला खरंच वाटत होतं. घरी जाऊन विचारा असं यांनी मला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. आधी बोललो."

माणसानं शेठकडे पाहिलं, आत पाहिलं आणि "असेल बुवा" असं पुटपुटून हातातलं घड्याळ खिशात घालून गर्दीत मिसळला.

शेठ त्याच्या मागे जायला उठले. आतून अण्णांनी भिंग न काढताच म्हटलं, "बसा शेठ. असे अजून पुष्कळ येतील. त्यांना सांगायला तुम्ही इथंच हवे आहात."

शेठ परत बाकावर बसले.

तात्पर्य: दुसऱ्यावर आळ घेण्याआधी विचारपूस करावी, घेतलेला आळ खोटा निघाला, तर जिथे घेतला तिथेच उभं राहून तो मागे घ्यावा, आणि तो जिथवर पोचला असेल तिथवर आपणही पोचेपर्यंत थांबू नये.