बाईंचं माहेरचं अत्तर

खडे बोलत असत आणि साहेब ऐकत नसत, तेव्हाची गोष्ट. गॅसच्या कारखान्यात जस्तोबा नावाचा जस्ताचा खडा होता. जमिनीतून आलेल्या गॅसबाईंच्या अंगचा गंधकाचा घाण वास तो स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायचा. स्वच्छ झालेल्या बाई उलट त्यालाच नाक मुरडायच्या, "शी, किती वास मारतोस!"

शेवटी जस्तोबा गंधकाने गच्च भरला. साहेबांनी त्याला पोत्यात कोंबून फाटकाशी फेकलं. तिथे बघतो तर काय, गावाला निघालेल्या बाईंवर साहेब पुन्हा गंधकाचाच वास शिंपडत होते!

बाई ठसक्यात म्हणाल्या, "नियमाचं अत्तर आहे हे! वासाशिवाय गळती कळणार कशी?"

"मग विकतचं कशाला, बाई?" जस्तोबा पोत्यातून म्हणाला. "तुमच्या माहेरचं इथे पोतंभर पडलंय की!"