इनासचा फाटका सूर

"पण मास्तर, शेवटी सूर मोडतो कशाने? तेवढं एक सांगा ना."

वसईतल्या बस्त्याव मास्तरांच्या ओट्यावर शार्दूल हा प्रश्न घेऊन कितव्यांदा बसला होता, देव जाणे.

प्रश्न एका जुन्या रेकॉर्डचा होता. तिच्यात मास्तरांच्या धाकट्या भावाने, इनासने, इलेक्ट्रिक गिटारवर एक तुकडा वाजवला होता. सूर गोड नव्हता. मुद्दाम फाडलेला, भुंग्यासारखा गुरगुरणारा होता. शेवटचा सूर लांबत जायचा, अडखळायचा, मोडायचा, आणि मग नुसती घरघर उरायची.

त्या सुरापायी शार्दूलने नोकरी सोडली होती. घरचे त्याच्याशी बोलेनासे झाले होते. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत असलेल्यांपैकी मास्तरच काय ते उरले होते, आणि आता त्यांचंही काही खरं नव्हतं. त्यांनी एकदा "हाच तो" म्हटलं, की शार्दूलच्या जन्माचं सार्थक होणार होतं.

मास्तरांनी त्याला हातचं न राखता शिकवलं होतं. हा एक प्रश्न सोडून.

"नका सांगू," शार्दूल म्हणाला. "मीच शोधून काढलंय."

त्याने पिशवीतून गिटारचा सूर फाडणारी पत्र्याची डबी आणि एक छोटा स्पीकर काढला. डबीत भंगारातून हुडकलेले जुने ट्रान्झिस्टर होते. स्पीकरचा कागद त्याने स्वतः ब्लेडने चिरला होता.

"खरी मेख डबीच्या बॅटरीत आहे, मास्तर. ती मरायला टेकलेली हवी. मग सूर आपोआप मोडतो."

त्याने गिटार डबीला जोडून वाजवली.

सूर गुरगुरला, लांबला, अडखळला, मोडला. मागे घरघर उरली.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. बेट्याला वाटलं, कौतुकानेच. त्याने गिटार भिंतीला टेकवली.

"जमलं ना?"

मास्तरांची पहिल्या दिवसापासून एक शिस्त होती. तुकडा संपला तरी ते "गेला" म्हणेपर्यंत हलायचं नाही. त्यांच्या काळी स्टुडिओतल्या दारावरचा लाल दिवा जाईपर्यंत टेप फिरत असे. तोवर कुणी नुसतं खाकरलं, तरी सगळं पहिल्यापासून. शार्दूलला हे म्हाताऱ्याचं खूळ वाटे. आता कुठे आलाय दिवा?

"हाच तो," मास्तर म्हणाले.

शार्दूलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त घरघर रेकॉर्डपेक्षा जास्त लांबतेय, मास्तर."

"जास्तच होती. रेकॉर्डवर कापलीय."

"का?"

"आमची बॅटरी नवी होती," मास्तर म्हणाले. "सकाळी मीच घातलेली."

"मग सूर कशाने..."

"इनास गिटारवर वाकला. मला वाटलं, रंगात आलाय. मग त्याचा हात सुटला... काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्या साहेबांना ती घरघर आवडली. त्यांनी टेप चालू ठेवली."

"आणि... इनासकाका?"

"हॉस्पिटलात म्हणाले, जरा आधी आणायचं होतं."

"तुम्ही कुठे होता?"

"शेजारच्या खुर्चीवर. हात लांबवला असता, तर पोचला असता."

"मग लांबवला का नाही?"

डबी चालूच होती. स्पीकरमधून घरघर येत होती. आता ती शार्दूलला ऐकवेना. बंद करायला त्याने बटणाकडे हात नेला.

मास्तरांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती. नजर दारावरच्या रिकाम्या भिंतीवर खिळली होती.

"हलू नकोस," ते पुटपुटले. "दिवा लाल आहे."