सोलोच्या बटणावरची पट्टी

एकदा एका शिष्येने तीन आठवडे खपून सात आवाज घडवले.

ती सिंथेसायझर वाजवीत असे. या वाद्याला स्वतःचा असा एकच आवाज नसतो. वादकाने आधी आवाज घडवायचा आणि मग तो वाजवायचा. तिच्या सातांमध्ये जमिनीतून वर आल्यासारखा खर्जाचा बेस होता. धुक्यासारखा सावकाश पसरणारा, बोट उचलल्यावरही रेंगाळणारा पॅड होता. त्याच्या जोडीला व्हायोलिनच्या ताफ्याची आठवण देणारा एक होता. तार छेडल्यासारखा, उमटताच विझणारा एक, आणि लहान घंटेसारखा एक. एक सूर दाबला की त्याचे सोळा तुकडे करून आपोआप पळत सुटणारा एक होता. आणि या सर्वांच्या पुढे येऊन, एखाद्या गाणाऱ्या माणसासारखा बोलणारा लीड.

तिची पद्धत अशी होती. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर 'सोलो' नावाचे बटण असते. ते दाबले की बाकीचे सगळे गप्प होतात आणि एकच आवाज ऐकू येतो. ते दाबून, कानांना हेडफोन लावून, ती एकेक आवाज घासूनपुसून लखलखीत करी. जरा पोकळ वाटला की भर घाली. शेवटी सातांपैकी एकातही खोट काढायला जागा उरली नाही. काम संपल्यावरही ज्यांची तपासणी संपत नाही, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

हे सर्व चालले होते एका पाळण्यासाठी. त्या गावात बारसे कुणाकडेही असो, पाळणा म्हणायला एका ठरावीक बाईंनाच बोलावणे जाई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. आवाज राहिला, पण बारीक झाला. दिवसातून दोनदा पाळणा म्हटला की तिसऱ्यांदा तो येत नसे. लोकांनी संकोचाने बोलावणे थांबवले आणि फोनवर मिळेल तो पाळणा ते लावू लागले. तेव्हा बाईंनी ठरवले की आपला पाळणा एकदा ध्वनिमुद्रित करून ठेवावा. आपण गेलो नाही तरी बारशाला असू. शिष्येचे गुरू पूर्वी ॲकॉर्डियन वाजवीत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी हे काम शिष्येवर सोपवले. तिचे हे पहिलेच स्वतंत्र काम होते.

ध्वनिमुद्रणाची खोली पिठाच्या गिरणीच्या वर होती. गिरणी सोमवारी बंद, म्हणून ध्वनिमुद्रणही सोमवारीच.

बाई आल्या. शिष्येकडे पाहून म्हणाल्या, "तुझ्या बारशाला मीच होते गं. तुझ्या आत्यानं तुझ्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत असे गुद्दे घातले, की ती आठ दिवस तेल चोळून घेत होती."

"अजून सांगते ती, मावशी," शिष्या म्हणाली.

मग काचेपलीकडे जाऊन बाईंनी हेडफोन लावले. सात आवाज सुरू झाले. बाईंनी पहिले कडवे म्हटले, दुसरे म्हटले. तिसऱ्यात त्या जोर लावू लागल्या आणि चौथ्याच्या शेवटी थांबल्या. हेडफोन काढून त्यांनी ते नीट, वायर गुंडाळून ठेवले.

"मला मीच ऐकू येत नाहीये," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नाही बाळ, तुझं फार सुरेख झालंय. माझंच संपलंय. दुसरी कुणी तरुण बघ." आणि त्यांनी पिशवी उचलली.

अण्णा कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "आजचं एकदा गाणं शिल्लक आहे ना तुमचं? मग एवढ्यात कुठे निघालात? पाऊण तास बसा. कोमट पाणी घ्या."

बाई बसल्या. अण्णा उठले, तारा गुंडाळायच्या काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा त्यांनी दाताने तोडला आणि सोलोच्या बटणावर घट्ट चिकटवला.

"अहो अण्णा, हे काय?"

"राहू दे. आता मावशींचं आत्ताचं गाणं लाव, आणि सातही चालू ठेव."

सगळे एकदम वाजू लागले. अण्णांनी तिच्या सर्वांत लाडक्या पॅडला हात घातला. त्याचा खालचा खर्ज कापला आणि वरची चकाकी काढली. तो गोधडीखालून आल्यासारखा मंद झाला. शिष्येचे बोट सवयीने सोलोकडे गेले आणि पट्टीवर आपटले.

"मेला की तो," ती म्हणाली.

"मेला नाही. मागे सरकलाय." मग त्यांनी व्हायोलिनवाला बंद केला. "हा आणि पॅड एकाच चटईवर झोपलेत. एकाला उठवायलाच हवं." पळणाऱ्या आवाजाकडे त्यांनी कौतुकाने पाहिले. "हा फार छान झालाय. पोरं शाळेला उशीर होतोय म्हणून धावत असतील, तिथे लाव. इथे बाळाला झोपवायचंय." बेस त्यांनी पाळण्याच्या एका झोक्याला एकच सूर इतका विरळ केला. छेडलेला आवाज ओळींच्या शेवटी तेवढा ठेवला. घंटा अगदी अखेरीस एकदाच.

आता उरला लीड. तो चौथ्या कडव्यानंतर येत होता, डौलदार आणि लांब.

"इथे हा का?" अण्णांनी विचारले.

"तिथे मावशी थांबतात. रिकामं वाटत होतं, म्हणून भरलं."

पाण्याचा पेला हातात धरून बसलेल्या बाई हसू लागल्या. "अगं, तिथे आत्या नाव सांगते बाळाच्या कानात. मी थांबायचं नाही तर काय? त्या नावानंच पुढचं कडवं उचलतात बायका."

शिष्येने लीड काढून टाकला. अण्णांनी तिला तसे सांगितले नव्हते.

बाईंनी दुसऱ्यांदा पाळणा म्हटला. आवाज तितकाच बारीक होता. पण आता तो धुक्याच्या पुढे उभा होता आणि त्याची कड स्पष्ट दिसत होती. बाई जोर लावत नव्हत्या. चौथे कडवे संपले आणि त्या थांबल्या. पॅडचा मंद सूर तेवढा राहिला. काचेपलीकडे बाईंचे ओठ नुसतेच हलले. तीन अक्षरे होती. शिष्येने ती ओळखली. ते तिचे स्वतःचे नाव होते. मग शेवटचे कडवे झाले, आणि घंटा.

बाईंनी ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकले. "आहे की मी," एवढेच म्हणून त्यांनी पिशवी घेतली. जिन्यावरून त्यांनी विचारले, "पुढच्या बुधवारी देशमुखांच्याकडे बारसं आहे. तोवर मिळेल का रे अण्णा?"

त्या गेल्यावर शिष्या म्हणाली, "अण्णा, माझ्या आवाजांत खोट नव्हती. मग असं का झालं?"

अण्णा म्हणाले, "हे वाद्य विकलं जातं दुकानात. गिऱ्हाईक एक बटण दाबतं, एकच आवाज ऐकतं. म्हणून बनवणारा प्रत्येक आवाजात खाली खर्ज घालतो, वर चकाकी लावतो. त्या एकट्यानं सगळं दुकान भरून टाकायला हवं. तू त्याच्याकडूनच शिकलीस. पण गाण्यात आवाज एकटा नसतो. तुझ्या पॅडची चकाकी जिथे होती, नेमकी तिथेच मावशींच्या आवाजाची धार आहे. तिथे दोघांना जागा नव्हती. एकट्यानं ऐकताना हे कळायचं कसं? शेजारी कोण बसलंय ते दिसतच नाही. आवाज चांगला की वाईट, हे आपण त्या आवाजाला विचारतो. ते शेजाऱ्याला विचारायचं असतं."

"मग नुसतं सांगायचं. पट्टी कशाला?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. आणि मी चहाला गेलो की परत दाबलं असतंस." त्यांनी चपला घातल्या. "माझ्या यंत्रावर वीस वर्षं आहे पट्टी. अजून काढायचा धीर होत नाही."

ते गेल्यावर शिष्येने पट्टी हळूच सोडवली आणि पॅड एकटा लावून ऐकला. शेजारच्या खोलीत कुणी तरी गुणगुणत असावे, इतकाच तो उरला होता. तिचा हात चकाकीच्या खटक्याकडे गेला, थोडा वेळ तिथे थांबला आणि परत आला. तिने पट्टी पुन्हा जागेवर चिकटवली, कडा अंगठ्याने दाबून.

आपल्या लेकराची एकेक खोड, सोलो दाबावा तशी, वेगळी काढून, कान लावून ऐकत बसणाऱ्या आयांनी, आणि त्यांत मी पहिली, काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा हाताशी ठेवावा.