मरेपर्यंत पक्षात राहिलेला माणूस

"तिल्दाबाई, एक नेता शोधून द्या. ज्याने पक्ष कधी सोडला नाही, ज्याला पक्षाने कधी हाकललं नाही आणि ज्याने दिलेला शब्द मोडला नाही, असा. शताब्दीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत सापडला तर सभागृहात त्याची तसबीर लागेल आणि तुमच्या खोल्या तुमच्याच राहतील. नाही सापडला तर तसबीर माझी लागेल, खोल्या रिकाम्या करायच्या."

होल्मार्कच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष गुस्ताव्ह हालबेक एवढं बोलले आणि कॉफीत साखर ढवळू लागले.

होल्मार्क हा उत्तरेच्या समुद्राकाठचा देश. एवढासा, की नकाशात त्याचं नाव समुद्रावर छापतात, कारण जमिनीवर मावत नाही. पक्ष मात्र शंभर वर्षांचा. या शंभर वर्षांत तो पाच वेळा फुटला. एकदा युद्धावरून, एकदा मंत्रिपदं घ्यावीत की नाहीत यावरून, एकदा घेतलेली मंत्रिपदं सगळ्यांना पुरली नाहीत म्हणून. दर फुटीला हरलेल्यांच्या तसबिरी भिंतीवरून तळघरात जायच्या आणि दर ऐक्याला परत वर यायच्या. खिळे ठोकून ठोकून भिंतीची पार चाळण झाली होती.

या तसबिरी वरखाली करायचं काम पक्षाच्या इमारतीची राखण करणाऱ्या तिल्दा ब्रुन यांचं. झाडलोट त्यांची, कॉफीही त्यांचीच. स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्यांत त्यांच्या चार पिढ्या गेल्या होत्या. आता तिथे 'हालबेक दालन' व्हायचं होतं. त्यात अध्यक्षांचा चष्मा, त्यांची पेनं आणि पहिल्या निवडणुकीतला रेनकोट मांडायचा बेत होता.

"कॉम्रेड अध्यक्ष, हे काम तुम्ही इतिहासकारांना का नाही सांगत?" तिल्दाबाईंनी विचारलं.

"सांगितलं होतं की. तीन महिने शोधलं त्यांनी. असा माणूसच नाही म्हणतात." अध्यक्ष हसले. "म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

"मग तुमची तसबीर तरी कशी लागेल? तुम्हीही मधे पक्ष सोडला होता."

"फक्त अकरा दिवस. आत्मचिंतन करत होतो."

"हो, आणि बाराव्या दिवशी मंत्री झालात."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि ते निघून गेले. तिल्दाबाईंना राग आला होता, पण रागापेक्षा भीती मोठी होती. एकसष्टाव्या वर्षी बिऱ्हाड घेऊन जायचं कुठे? गरिबांच्या डोक्यावर छप्पर हवं, हे ज्या पक्षाच्या प्रत्येक जाहीरनाम्यात पहिल्या पानावर छापलेलं असे, तोच पक्ष त्यांना बाहेर काढत होता.

त्या तळघरात उतरल्या. बेचाळीस तसबिरी होत्या. प्रत्येकीच्या मागे तिल्दाबाईंच्या आईच्या नाहीतर आजीच्या अक्षरात पेन्सिलची नोंद होती: खाली, वर, खाली. ज्यांनी पक्ष काढला ते पहिले अध्यक्षसुद्धा तीनदा खाली आले होते. शेवटी एका कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो मिळाला. स्थापनेच्या सकाळी पायऱ्यांवर उभे असलेले एकोणीस जण. हा फोटो कधी भिंतीवर चढलाच नव्हता, कारण यातल्या प्रत्येकाला यातलं कुणी ना कुणी कापून हवं होतं. मागे पणजीने दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून तिल्दाबाई तळघरात एकट्याच हसल्या.

शताब्दीच्या दिवशी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत सगळ्या गटांचे म्हातारे पुढारी बसले होते, मधे एकेक खुर्ची मोकळी सोडून. बाराला पाच मिनिटं कमी असताना तिल्दाबाईंनी भिंतीवरच्या तसबिरीचा पडदा ओढला.

चौकटीत एक गोल चेहऱ्याचा माणूस होता. जुन्या फोटोतून मोठा करून घेतलेला. त्या फोटोत बाकीचे अठरा जण भविष्याकडे बघत होते, हा मात्र बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

"हा कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"आन्टोन क्विस्ट. सुतार. स्थापनेच्या सकाळी साडेदहाला उपाध्यक्ष म्हणून निवडून आले."

"यांनी पक्ष सोडला नाही?"

"नाही."

"हाकललं?"

"कुणीच नाही. आणि शब्दाचं म्हणाल, तर त्या सकाळी एकोणीस जणांनी शपथ घेतली होती, मरेपर्यंत याच पक्षात राहीन अशी. अठरा जणांनी मोडली. यांनी पाळली."

पक्षाच्या वर्तमानपत्राचे जुने संपादक लुंड काठी टेकत उठले. "शक्यच नाही. पहिली फूट त्याच दिवशी संध्याकाळी पडली. पक्षाच्या नावात 'सोशल' आधी की 'डेमोक्रॅटिक' आधी, यावरून. नऊ जण इकडे, नऊ जण तिकडे. हे कुठल्या बाजूला होते ते सांगा."

"नऊ आणि नऊ अठराच होतात, कॉम्रेड."

लुंड बोटं मोजत उभे राहिले.

"पक्ष सकाळी निघाला, संध्याकाळी फुटला," तिल्दाबाई म्हणाल्या. "मधे दुपारचं जेवण होतं. हेरिंग मासा होता. माझ्या पणजीने लिहून ठेवलंय: 'क्विस्टच्या घशात काटा अडकला. बिचारा जागीच गेला. वाढप थांबवू नका, असा निरोप आला.'"

 मग लुंडनी टोपी काढली. त्यांच्या पाठोपाठ पहिली रांग उभी राहिली. शंभर वर्षांत सगळे गट एकाच माणसासमोर उभे राहण्याची ही पहिलीच वेळ.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. बाराला एक मिनिट कमी होतं. "शपथ तर मीही हीच घेतली होती, तिल्दाबाई. मग इथे माझी तसबीर का नाही?"

"लागली असती, कॉम्रेड अध्यक्ष. पण तुम्ही शपथ घेतलीत आणि वर जेवण पचवलंत."

क्षणभर अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून ते खाली बसले, तेही नेमके लुंडच्या शेजारच्या मोकळ्या खुर्चीत. तिथेच त्यांनी शताब्दीच्या कार्यक्रमपत्रिकेमागे लिहून सही केली: दोन्ही खोल्या तिल्दा ब्रुन यांच्याकडे, मरेपर्यंत.

"आणि हे मी मोडणार नाही," ते म्हणाले.

"लुंडसाहेब, तुम्ही पण सही करा," तिल्दाबाई म्हणाल्या, आणि कागद खिशात घालून वाढायला निघून गेल्या. जेवणात हेरिंग होता. अध्यक्षांनी त्या दिवशी नुसतं सूप घेतलं.