कुंकू लावलेली दुर्बीण

एक नगर होतं, आणि तिथल्या चांदण्या माणसाळलेल्या होत्या. कुणी टक लावून बघितलं की खाली यायच्या, चिमण्यांसारख्या कौलांवर बसायच्या. कुणी बघितलंच नाही, की रुसून लांब जायच्या.

तिथल्या राणीने काय केलं, पोरांसाठी एक ताराघर बांधलं. त्यात तीन वस्तू ठेवल्या. एक पृथ्वीचा फिरता गोल, एक नक्षत्रं रंगवलेला कापडी पट आणि एक पितळी दुर्बीण. मग राणी आजारी पडली. जाताना राजाला म्हणाली, "हे पोरांचं आहे. पोरांना हात लावू द्या."

राजाने मान हलवली. राणी गेली, आणि तेरावा झाला न झाला तोच ताराघराला कुलूप लागलं. का, तर पोरं खराब करतील. असतात बरं का अशी मोठी माणसं. पोरांसाठी आणलेली वस्तू पोरांपासूनच जपतात, आणि वर आपल्याला जबाबदार म्हणवून घेतात.

मग चांदण्या जाऊ लागल्या. मोठ्यांना पत्ताही नव्हता, ते वर बघतच नव्हते. पण विणकराच्या गोजराला कळलं. त्यांच्या छपरावर रोज एक निळी चांदणी बसायची, अगदी इवलीशी. ती आधी चिंचेच्या शेंड्यावर गेली. मग टेकडीच्या माथ्यावर. मग इतकी उंच, की गोजराने डोळे ताणले तरी दिसेना. दुर्बिणीतून एकदा नीट बघितलं असतं तर ती परतली असती. नाहीतर गेली ती कायमची.

म्हणून गोजरा निघाली.

आधी गेली प्रधानजींकडे, ताराघर उघडा म्हणायला. पृथ्वीचा गोल त्यांनी आपल्या दिवाणखान्यात ठेवला होता, पाहुण्यांना दाखवायला. ते म्हणाले, मोठी झालीस की ये. आता, गोजराचा दादा मोठा झाल्यावर गेला होताच की. त्याला म्हणाले होते, या वयात आता काय करायचंय?

मग गेली पंतोजींकडे. आकाशाचा पट त्यांच्या पेटीत होता, घडी मोडू नये म्हणून. नक्षत्रं ते शिकवायचे, पण कशी, तर खिडकीकडे पाठ करून. अश्विनी, भरणी, कृत्तिका, सुलट म्हणा, आता उलट म्हणा. गोजराने विचारलं, यातली कृत्तिका कोणती? पंतोजी म्हणाले, परीक्षेत विचारत नाहीत. आणि तिला वर्गाबाहेर उभं केलं. बरंच झालं म्हणा. बाहेरून निदान आभाळ तरी दिसत होतं.

मग गेली राजगुरूंकडे. ताराघराची किल्ली त्यांच्या जानव्याला. त्या दिवशी दसरा होता. राजगुरूंनी दुर्बीण बाहेर काढली. गोजराला वाटलं, आता बघायला मिळणार. कसलं काय. त्यांनी दुर्बीण पाटावर ठेवली, झेंडूची माळ घातली, हळद लावली, आणि ओल्या कुंकवाचं बोट दोन्ही काचांवर टेकवलं. कुठल्या बाजूने बघतात हे माहीत नव्हतं ना, म्हणून दोन्हीकडे. सगळ्यांनी हात जोडले. दुर्बीण परत कुलपात.

मग आली कोजागिरी. गच्चीवर दूध आटत होतं, मशाली पेटल्या होत्या, सगळं नगर जमलं होतं. राजाला लहर आली, म्हणाला, दुर्बीण आणा, चंद्र बघू. त्याने डोळा लावला आणि मटकन खाली बसला. चंद्रावर रक्त होतं.

राजगुरूंनी जरा डोळे मिटले आणि कारण सांगून टाकलं. म्हणे, पोरं चंद्राकडे बोट दाखवतात, त्याची जखम झाली. मग हुकूम निघाला. उद्यापासून दिवेलागण झाली की पोरं घरात, खिडक्या बंद. ताराघराला भिंत घालायची. मोठ्यांचं काही चुकलं की शिक्षा पोरांना, हे त्या नगरात कुणाला नवीन नव्हतं.

उद्या खिडक्या बंद, म्हणजे निळी चांदणी गेलीच. गोजरा उठली ती थेट राजापुढे.

"महाराज, जरा राजगुरूंकडे बघा. दुर्बिणीतून."

राजाने बघितलं. राजगुरूंच्या पोटावर रक्त. प्रधानजींकडे बघितलं, पगडीवर रक्त. आपल्याच राजवाड्याकडे बघितलं, कळसावर रक्त.

"म्हणजे संकट फारच मोठं आहे," राजगुरू म्हणाले.

गोजराने कपाळावर हात मारला. "अहो गुरुजी, कुंकू आहे ते. तुम्हीच लावलंत."

आणि कुणी अडवायच्या आत तिने काचांवर हाः करून वाफ सोडली आणि बापाने विणलेल्या मऊ ओढणीने त्या पुसल्या. मग डोळा लावला. बघतेय, बघतेय, आणि पार काळ्याशार आभाळात एक निळा ठिपका. तिने पापणी लवू दिली नाही. ठिपका मोठा झाला, खाली आला, आणि चक्क गच्चीच्या कठड्यावर येऊन बसला.

माफी कुणी मागितली नाही. मोठ्यांना ते जमत नाही. राजाने गळ्यातला कंठा काढून तिच्यापुढे धरला.

"कंठा नको," गोजरा म्हणाली, "कुलूप द्या."

राजाला राणीचे शब्द आठवले असावेत. त्याने मुकाट्याने कुलूप काढून तिच्या हातात दिलं. तिने ते विहिरीत टाकलं.

मग पोरांनी गोल इतका फिरवला की त्याचा रंग उडाला. पटाचा एक कोपरा फाटला. दुर्बिणीला पोचे आले. आणि एकेक करून सगळ्या चांदण्या कौलांवर परत आल्या. मोठेही बघायला येऊ लागले, पण रांगेत, पोरांच्या मागे. असं सगळं नगर सुखात राहिलं, राजगुरूसुद्धा.

चला, आता डोळे मिटा. खिडकी मी उघडीच ठेवते आहे.