महेश्वरचे बटाटेवडे

सहलीहून परत आल्यावर तुम्हाला कधी कुणी विचारलंय का, की बाई गं, तू पाहिलंस काय?

शुभदाला कुणी विचारलं नव्हतं. तिचे थोरले दीर विनायकराव दरवर्षी घरातल्या तिघांचं बुकिंग ट्रॅव्हल कंपनीकडे करून मोकळे होत, आणि त्यांच्यापुढे तिच्या नवऱ्याचं, मुकुंदाचं, तोंड उघडत नसे. गेल्या वर्षी महेश्वरला नर्मदेच्या घाटावर ती जरा टेकते न टेकते तोच बसमध्ये चढायची शिट्टी वाजली होती. यंदा तिला तिथेच आपलं आपण जाऊन मनसोक्त बसायचं होतं.

“आपलं आपण?” विनायकराव म्हणाले. “कंपनीत काय कमी पडलं गं तुला? एक गोष्ट दाखव, लगेच बुकिंग रद्द करतो.”

शुभदा अगदी वैतागून गेली होती, तरी आवाज न चढवता तिने विचारलं, “भाऊजी, महेश्वरला आपण काय काय केलं?”

“आठवतंय की सगळं. उतरल्याबरोबर गरम बटाटेवडे. दुपारी श्रीखंडपुरी, अळूवडी. अगदी घरच्यासारखी चव.”

“आणि नदी कशी होती?”

विनायकरावांनी मुकुंदाकडे पाहिलं. मुकुंदा छताकडे बघत बसला होता.

“होती की,” ते म्हणाले. “बस लावली होती तिथून जवळच.”

“घरच्यासारखे वडे मी घरीच तळते, भाऊजी. नदी तेवढी मला घरी आणता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायकरावांनी बुकिंग रद्द केलं आणि इंदूरच्या गाडीची तीन तिकिटं काढली.